लायनसचं ब्लँकेट

लहान मुलांची ब्लँकेट्स विकणारी कुठलीही साईट उघडा. बऱ्याच ब्लँकेट्सवर कुठलं ना कुठलं कार्टून असतंच. आधी कार्टून टीव्हीवर येतं, मग ते ब्लँकेटवर छापलं जातं, हा झाला नेहमीचा धंदा. पण एका ब्लँकेटची गोष्ट उलटी आहे. ते आधी घरात होतं, मग कार्टूनमध्ये गेलं, तिथून टीव्हीवर, आणि शेवटी पुन्हा खऱ्या मुलांच्या अंगावर आलं.

चार्ल्स शुल्झची 'पीनट्स' ही चित्रमालिका २ ऑक्टोबर १९५० ला अमेरिकन वर्तमानपत्रांत सुरू झाली. चार्ली ब्राऊन आणि स्नूपी त्यातलेच. लायनस आला १९५२ मध्ये. शुल्झच्या एका सहकाऱ्याचं नाव लायनस होतं, तेच त्याने उचललं. १ जून १९५४ च्या स्ट्रिपमध्ये लायनसच्या हातात पहिल्यांदा ब्लँकेट दिसलं. शुल्झची स्वतःची पहिली तीन मुलं घरभर अशीच ब्लँकेट्स ओढत फिरायची म्हणे. 'सिक्युरिटी ब्लँकेट' हा शब्द त्याच्या आधीपासून होता, पण घराघरात पोचला तो लायनसमुळेच.

आता यात एवढं काय, असं वाटेल. पण तेव्हाचा काळ बघा. जॉन वॉटसन या मानसशास्त्रज्ञाने १९२८ मध्ये आईबापांसाठी एक पुस्तक लिहिलं होतं. मुलांना मिठी मारू नका, पापे घेऊ नका, सकाळी उठल्यावर हस्तांदोलन करा, असा सल्ला! (आपल्याकडच्या एखाद्या आजीने हे ऐकलं असतं तर वॉटसनसाहेबांची काही खैर नव्हती.) अशा वातावरणात चिंधी कवटाळून बसणारं पोर म्हणजे बावळट किंवा लाडावलेलं.

लायनस तसा मुळीच नाही. सगळ्या टोळीत तोच सर्वात शहाणा आहे. बायबलमधले उतारे त्याला पाठ, तत्त्वज्ञानाच्या गप्पा मारतो, आणि एका हाताचा अंगठा तोंडात, दुसऱ्या हातात ब्लँकेट. बहीण लूसी ते जमिनीत पुरते, त्याचा पतंग करते, स्नूपी पळवायला बघतो, एक न दिसणारी आजी सवय सोडवायच्या मागे लागलेली असते. तो काही सोडत नाही.

गंमत म्हणजे विज्ञानही त्याच सुमारास वळत होतं. लंडनच्या डोनाल्ड विनिकॉट या बालरोगतज्ज्ञाने १९५३ मध्ये लिहिलं की अशी वस्तू म्हणजे बाळ आणि आई यांच्यामधला पूल. मळली, वास यायला लागला तरी शहाणी आई ती धूत नाही, कारण धुतली की धागा तुटतो! १९५८ मध्ये विस्कॉन्सिनच्या हॅरी हार्लोने माकडांच्या पिल्लांवरचे प्रयोग मांडले. दूध देणाऱ्या तारेच्या 'आई'पेक्षा पिल्लं मऊ कापडाच्या 'आई'लाच बिलगत होती. ही कल्पना त्याला सुचली तीच पिंजऱ्यात अंथरलेलं फडकं बदलताना पिल्लं आकांत करायची त्यावरून. (ते प्रयोग आज वाचवत नाहीत, इतके क्रूर होते. असो.) पुढे १९७५ मध्ये रिचर्ड पासमनच्या प्रयोगात दिसलं की ब्लँकेटची सवय असलेली मुलं अनोळखी खोलीत ब्लँकेट जवळ असताना, आई जवळ असावी तशीच निर्धास्त खेळतात. म्हणजे ते ब्लँकेट मुलाला घाबरट करत नव्हतं. उलट त्याच्या जोरावरच पोर चार पावलं पुढे जात होतं.

टीव्हीवर हे सगळं आलं ९ डिसेंबर १९६५ ला, 'अ चार्ली ब्राऊन ख्रिसमस'मध्ये. प्रायोजक कोकाकोला, वाहिनी सीबीएस. खऱ्या मुलांचे आवाज, जॅझ संगीत, आणि हशाचा साउंडट्रॅक नाही. वाहिनीच्या साहेबांना ते फारच संथ वाटलं होतं. प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं, आणि नंतर दर डिसेंबरला ते बघणं हा कित्येक अमेरिकन घरांचा रिवाजच झाला.

त्यात लायनस रंगमंचावर एकटा उभा राहून बायबलमधली ख्रिस्तजन्माची कथा सांगतो. 'भिऊ नका' या अर्थाच्या शब्दांपाशी त्याच्या हातातलं ब्लँकेट गळून पडतं. यावर लोकांनी भरभरून लिहिलंय, की श्रद्धा आली आणि आधार सुटला वगैरे. पण पुढचे काही सेकंद बघा ना! कथा संपते आणि तो ब्लँकेट उचलून चालू लागतो. मला तेच जास्त खरं वाटतं. आणि शेवटी ते मरतुकडं झाड वाकतं, तेव्हा हाच पठ्ठ्या आपलं ब्लँकेट त्याच्या बुंध्याभोवती गुंडाळतो.

आपल्या जमातीसाठी एक टीप. लिनक्सवाल्या टोरवाल्ड्सचं नाव नोबेलविजेत्या पॉलिंगवरून ठेवलंय हे माहीत असेल. तो स्वतः मात्र निम्मं श्रेय या ब्लँकेटवाल्या लायनसला देतो :)

१९९५ च्या ख्रिसमसच्या आदल्या दिवशी कॅरन लाउक्स हिने एका मासिकात कॅन्सरशी झुंजणाऱ्या एका चिमुकलीबद्दल वाचलं. केमोथेरपीत त्या मुलीला आधार होता तिच्या ब्लँकेटचा. कॅरनने डेन्व्हरच्या मुलांच्या कॅन्सर सेंटरसाठी शंभर ब्लँकेट्स द्यायचं ठरवलं. त्यातून 'प्रोजेक्ट लायनस' उभा राहिला. स्वयंसेवक घरी विणलेली, शिवलेली ब्लँकेट्स आजारी आणि संकटातल्या मुलांना देतात, आणि आजवर ती लाखोंनी वाटून झाली आहेत. बहुतेकांवर कार्टून नसतं. आणि परतही घेत नाहीत, ते त्या मुलाचंच होतं.