दौंडचे डॉक्टर आणि बारा जणांची गाती भिंत

शिरूर-दौंड म्हटले की इतिहासप्रेमींच्या डोळ्यांपुढे काही ठरलेली चित्रे उभी राहतात. घोडनदीकाठची इंग्रजांची छावणी, ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री तेथून कोरेगावच्या रोखाने निघालेली कॅप्टन स्टाँटनची पलटण, दौंडपासून जवळच भीमेकाठी उभा असलेला पेडगावचा बहादूरगड. आजचा धागा याच मुलखाचा आहे, पण तलवारींचा नाही. दौंडमध्ये बालरोगतज्ज्ञ म्हणून काम केलेल्या एका डॉक्टरने मराठी रंगभूमीवर अठराव्या शतकातील पुणे उभे केले आणि त्यावरून विसाव्या शतकातील पुणे ढवळून निघाले, त्याची ही कथा.

डॉ. जब्बार पटेल यांचा जन्म १९४२ चा, पंढरपूरचा. शालेय वय सोलापुरात गेले. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात ते वैद्यकशास्त्र शिकले आणि पुढे त्यांनी व त्यांच्या डॉक्टर पत्नीने दौंडमध्ये व्यवसाय केला. दवाखाना दौंडला आणि नाटक पुण्याला, मध्ये रेल्वेचे सुमारे पाऊणशे किलोमीटर! पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन या हौशी संस्थेत, म्हणजे ‘पीडीए’त, त्यांनी विजय तेंडुलकरांचे ‘अशी पाखरे येती’ दिग्दर्शित केले आणि १९७२ मध्ये हाती घेतले तेंडुलकरांचेच ‘घाशीराम कोतवाल’.

या नाटकापाशी थोडे थांबू. पाश्चात्त्य वाद्यवृंदात मधोमध एक संचालक उभा असतो. तो स्वतः एकही वाद्य वाजवत नाही. कोण कधी उठणार, कोण कधी विरणार, लय कुठे ताणायची, हे सारे त्याच्या हातात असते. आपल्या संगीत नाटकाला असा संचालक नव्हता. १८८० च्या ‘शाकुंतला’पासून पुढे कित्येक दशके सत्ता गायकनटाची होती; ऑर्गन आणि तबला त्याच्या मागून चालत. पद रंगले की ‘वन्स मोअर’ येई आणि नाटक तेथेच उभे राही. ‘घाशीराम’ही संगीताने भरलेले आहे, परंतु त्यात एकाही नटाला असे थांबून राहण्याची मुभा नाही.

कारण या नाटकाचा मुख्य गायक एक व्यक्ती नसून एक रांग आहे. बारा ब्राह्मण प्रेक्षकांसमोर ओळीने उभे राहून गणपतीचे स्तवन गातात आणि डोलतात. हीच रांग पुढे भिंत होते, पडदा होते, जमाव होते. पाठ फिरवली की तिच्यामागे काहीतरी झाकले जाते. तोंड वळवले की तीच रांग साक्षीदार बनते. कोकणातल्या खेळ्यांच्या परंपरेतून तेंडुलकरांना या रचनेची दिशा मिळाली. पण कागदावरची रांग रंगमंचावर एका श्वासात हलवणे हे निराळे काम आहे. एकाचे पाऊल अर्ध्या मात्रेने चुकले तरी भिंतीला भगदाड पडते.

ती हलवली तिघांनी मिळून. संगीत भास्कर चंदावरकरांचे होते. ते पं. रविशंकरांचे शिष्य, सतारवादक, आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संगीताचे अध्यापक. नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची. आणि या दोघांचे काम, नटांचे गळे, त्यांची पावले एका लयीत बांधणारे दिग्दर्शक पटेल. माझ्या मते या नाटकातील त्यांचे काम रूढ अर्थाच्या दिग्दर्शनापेक्षा वाद्यवृंद संचालनाला अधिक जवळचे होते. कीर्तन, अभंग, गौळण, लावणी असे सगळे मराठी गाणे येथे एकमेकांत शिरते. हरिनाम चाललेले असतानाच त्यात बावनखणीची लावणी मिसळते, आणि दोन्ही गाणारे तोंड एकच असते. मोहन आगाशे यांचा नाना आणि रमेश टिळेकरांचा घाशीराम लोकांच्या स्मरणात राहिले ते योग्यच. पण नाटकाचा कणा ती बारा जणांची रांग होती.

पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात भरत नाट्य मंदिरात झाला. वाद लगोलग पेटला.

आता इतिहासाकडे वळू, कारण वादाचे मूळ तेथे आहे. घाशीराम सावळदास हा खरोखर पुण्याचा कोतवाल होता. उत्तर हिंदुस्थानी ब्राह्मण, नाना फडणविसांच्या मर्जीतला. १७९१ च्या ऑगस्टअखेरीस त्याच्या माणसांनी पुण्यात आलेल्या तेलंगी ब्राह्मणांना पकडून एका कोंदट जागेत डांबले आणि त्यांपैकी एकवीस जण गुदमरून मेले. शहर खवळले, नानांच्या वाड्यापुढे जमाव जमला, अखेर घाशीराम जमावाच्या स्वाधीन झाला आणि दगडांनी ठेचून मारला गेला. पुण्यातील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट तेव्हा शहरातच होता. पुढे १८६३ मध्ये मोरोबा कान्होबांनी ‘घाशीराम कोतवाल’ याच नावाचे पुस्तक लिहिले.

इतके झाले इतिहासाचे. तेंडुलकरांनी त्यातून उचलला तो सांगाडा: सत्ता स्वतःच्या सोयीसाठी एक घाशीराम निर्माण करते आणि सोय संपली की त्याला जमावापुढे फेकते. हे ऐतिहासिक नाटक नव्हे, असे त्यांनी स्वतःच स्पष्ट केले होते. आक्षेप घेणाऱ्यांना ते पुरेसे वाटले नाही. पानिपतानंतरची पेशवाई ज्यांनी तोलून धरली, त्या नाना फडणविसांना लंपट दाखवले आणि साऱ्या ब्राह्मण समाजाची विटंबना केली, असे त्यांचे म्हणणे होते. या तक्रारीच्या पहिल्या भागाला मी हसण्यावारी नेणार नाही. खरे नाव घेतले की खऱ्या माणसाचे काही देणे लागते; ‘अनैतिहासिक’ असा शिक्का मारून ते फिटत नाही. परंतु मला वाटते, लोकांना खरा चटका बसला तो तपशिलापेक्षा सुरांमुळे. नानांविषयीचा एखादा आरोप पुराव्याने खोडून काढता येतो. लहानपणापासून कानांवर पडलेले भजन डोळ्यांदेखत लावणीत विरघळले, तर ते खोडायचे कशाने?

एकोणीस प्रयोगांनंतर ‘पीडीए’ने नाटक थांबवले. येथे या मंडळींपुढे सरळ प्रश्न होता: संस्था की नाटक? ते सारे हौशी होते, नाटकावर कोणाचेच पोट नव्हते. पटेल डॉक्टर, आगाशे मनोविकारतज्ज्ञ, सतीश आळेकर बी. जे. मेडिकललाच जीवरसायनशास्त्राचे काम करणारे. गप्प बसणे सोपे होते. त्यांनी संस्था सोडली आणि २७ मार्च १९७३ रोजी ‘थिएटर अकॅडमी’ स्थापन केली. ११ जानेवारी १९७४ ला ‘घाशीराम’ पुन्हा उभे राहिले. त्याच वर्षी याच संस्थेने आळेकरांचे ‘महानिर्वाण’ही रंगमंचावर आणले.

पटेल यांची चित्रपटांतील कारकीर्द येथे धावती सांगतो, नाहीतर धागा संपायचा नाही: ‘सामना’ (१९७५), ‘जैत रे जैत’, ‘सिंहासन’, ‘उंबरठा’, पुढे ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’. ‘सामना’चे लेखक तेंडुलकर आणि संगीतकार चंदावरकर, म्हणजे ‘घाशीराम’चीच जोडी; तो चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात पोचला. ‘जैत रे जैत’ तर जवळजवळ सगळाच गाण्यांतून चालतो. त्याचे संगीत हृदयनाथ मंगेशकरांचे.

रंगभूमीवर मात्र वाद्यवृंदाचा प्रश्न अजून एकदा समोर आला. १९७८ मध्ये पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्तच्या ‘थ्री पेनी ऑपेरा’चे ‘तीन पैशाचा तमाशा’ केले आणि पटेल यांनी ते दिग्दर्शित केले. १९२८ साली बर्लिनमध्ये कुर्ट वाइलच्या संगीतासह ते प्रथम झाले, तेव्हा थिओ माकेबेन हा संचालक मूठभर वादकांचा ताफा सांभाळत होता. पुण्यात संगीताला एक नव्हे, तीन माणसे लागली: चंदावरकर, आनंद मोडक आणि नंदू भेंडे. भेंडे इंग्रजी ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये ज्युडास गाऊन आलेले, त्यांच्या गळ्यात रॉक होते. नाट्यपद, लावणी आणि गिटार यांना एकाच रात्री एका छताखाली नांदवायचे, आणि तरी एकाने दुसऱ्याला गिळू द्यायचे नाही, हे दिग्दर्शकापुढचे काम होते. सहा वर्षांपूर्वी बारा जणांच्या रांगेवर केलेली मेहनत येथे उपयोगी पडली असणार.

१९८० मध्ये ‘घाशीराम’ युरोपच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा विरोध पुन्हा उसळला. परदेशात नानांची अशी प्रतिमा जाऊ नये, असा या वेळचा आक्षेप होता. नाटक तरीही गेले. ज्या बर्लिनमध्ये ब्रेख्त आणि वाइल यांच्या नाटकाची पहिली रात्र झाली होती, त्याच शहरात बारा पुणेकर धोतर नेसून ओळीने उभे राहिले आणि गणपतीचे स्तवन गात डोलू लागले.