किंगकाँग : आखाड्यातील एक खलपुरुष

आम्ही राहतो त्या बंगळूरच्या जे. पी. नगरात ‘रंगशंकरा’ नावाचे नाट्यगृह आहे. मुंबईच्या मराठी रंगभूमीवर उमेदवारी करून पुढे कन्नड रंगभूमीला आणि चित्रसृष्टीला भूषण ठरलेल्या शंकर नाग यांच्या स्मरणार्थ ते २००४ साली उघडले. तेथे नाटक संपले, की नटमंडळी वंदनासाठी पुढे येतात. दोन घटका ज्याच्यावर प्रेक्षकांनी दात खाल्ले त्या खलपुरुषाची भूमिका करणारा नटही त्यांत असतो, आणि टाळ्यांचा गजर त्याच्याही वाट्याला येतो. हा देखावा पाहताना आम्हांस पुष्कळदा अशा एका पुरुषाची आठवण होते, की ज्याने आयुष्यभर खलपुरुषाचेच काम केले, परंतु ज्याला वंदनासाठी पुढे येण्याची मुभा कधीच नव्हती. त्याचे नाव किंगकाँग.

हे नाव मराठी घरांत अपरिचित नाही. शाळेतील एखाद्या धिप्पाड मुलाला त्या नावाने चिडवण्याची रीत कित्येकांना आठवत असेल. परंतु ते नाव धारण करणारा माणूस कोण, कोठला, याची चौकशी फारशी कोणी केली नाही. त्याचे खरे नाव एमिल चाया. त्याचा जन्म १९०९ साली ब्राशोव नगरीत झाला. ही नगरी त्या वेळी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होती. पहिले महायुद्ध संपले, साम्राज्य मोडले आणि १९२० च्या तहाने ती रुमानियाकडे गेली. म्हणजे चाया अकरा वर्षांचा होतो न होतो तोच, स्वतः जागचा न हलता, त्याचा देश त्याच्या पायांखालून निघून गेला. पुढे तो कुस्तीच्या व्यवसायात शिरून पूर्वेकडे आला. भारत, मलाया, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, जपान ही त्याची कर्मभूमी झाली. १९३३ सालच्या अमेरिकन चित्रपटातील महावानराचे नाव त्याला चिकटले आणि जन्माचे नाव मागे पडले.

चारशे पौंडांच्या घरातील देह, दाट दाढी, क्रुद्ध मुद्रा, एवढी सामग्री खलपुरुषाला पुरेशी होती. परंतु सामग्री म्हणजे कला नव्हे. आमच्या मातीतल्या कुस्तीत पाठ लागली, की निकाल लागला. पंच सांगण्यापूर्वी प्रेक्षकाला ते दिसते. फडात उतरताना मल्ल मातीला वंदन करतो, वस्तादाच्या पायांना हात लावतो. दोरांनी वेढलेल्या चौथऱ्यावरील धंदेवाईक कुस्तीचे शास्त्र मात्र निराळे आहे. तेथे निकाल बहुधा आधी ठरलेला असतो आणि त्या निकालापर्यंत प्रेक्षकांचे हृदय नेऊन पोहोचवणे हे मल्लाचे कौशल्य. त्यांतही खलपुरुषाचे काम अधिक कठीण. नियम मोडायचा, पण पंचांची पाठ वळली असताना. प्रतिस्पर्ध्याला गुदमरवायचे, पण त्याच्या हाडाला इजा होऊ द्यायची नाही. प्रेक्षकांचा संताप शिगेला न्यायचा आणि नेमक्या क्षणी आपला अवाढव्य देह दुसऱ्याच्या खांद्यावरून फेकू द्यायचा. चारशे पौंडांच्या माणसाला उचलणारा बलवान असावा लागतो हे खरेच. परंतु उचलले जाणाऱ्यानेही आपल्या देहाचा तोल जाणला पाहिजे, ही गोष्ट टाळ्या वाजवणाऱ्याच्या ध्यानी येत नाही.

या कलेला जोड मिळाली ती दारासिंगाची. अमृतसर जिल्ह्यातील धर्मूचक गावी १९२८ साली जन्मलेला हा शेतकऱ्याचा मुलगा तरुणपणी सिंगापुरास गेला. तेथील ‘हॅपी वर्ल्ड’सारख्या करमणुकीच्या बागांत रात्रीच्या कुस्त्या चालत आणि किंगकाँग तेथला गाजलेला मल्ल होता. पुढे या दोघांच्या कुस्त्या सिंगापुरात आणि भारतातही वारंवार झाल्या. स्वातंत्र्याला नुकतीच काही वर्षे झाली होती. दाढीवाला, दांडगा, गोरा परदेशी मनुष्य अन्याय करतो आहे आणि देशी तरुण प्रथम सोसून अखेर त्याला भुईवर आपटतो आहे, या दृश्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नव्हता.

महाराष्ट्राला तर हा अर्थ फार पूर्वीपासून ठाऊक होता. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ हे नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले. विराटाच्या घरी बल्लव म्हणून राहिलेला, मल्लयुद्धात निष्णात असा भीम त्यात कीचकाला ठार करतो. प्रेक्षकांनी कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन पाहिला. सरकारनेही तेच पाहिले आणि १९१० साली नाटकावर बंदी घातली. कर्झन गेला, इंग्रज गेले. परंतु लोकांच्या मनात साठलेला राग एका दिवसात कोठे जाणार? आमच्या मते त्यातील थोडा वाटा किंगकाँगच्या पाठीवर आला. ज्या हंगेरीयनाने येथे कोणावर कधी राज्य केले नाही, त्याने गोऱ्या रंगापायी साम्राज्याची शिक्षा भोगली, आणि तीही पोटासाठी, पुनःपुन्हा.

जपानात हाच खेळ निराळ्या रंगात झाला. तेथे युद्धातील पराभवाने खचलेल्या लोकांना रिकिदोझान नावाचा वीर मिळाला होता. १९५४ साली तो अमेरिकन शार्प बंधूंशी लढला, तेव्हा जपानात नुकतेच आलेले दूरचित्रवाणीचे यंत्र पाहण्यासाठी रस्तोरस्ती गर्दी लोटली. १९५५ च्या नोव्हेंबरात टोकियोत अखिल आशियाई अजिंक्यपदासाठी त्याच्यासमोर उभा राहिला तो किंगकाँगच, आणि तो हरला. याच दौऱ्यात टायगर जोगिंदरसिंग या भारतीय मल्लाशी जोडी करून त्याने अखिल आशियाई जोडीचे अजिंक्यपद मिळवले होते. भारतात परका म्हणून ज्याला हिणवावे, तोच टोकियोत एका भारतीयाचा साथीदार! गंमत येथेच संपत नाही. जपानी अभिमानाचा पुतळा झालेला रिकिदोझान जन्माने कोरियन होता आणि ही गोष्ट त्याच्या हयातीत लोकांपासून झाकून ठेवलेली होती. म्हणजे त्या रात्री चौथऱ्यावरचे दोघेही परके होते. एकाला ते लपवावे लागले, दुसऱ्याला ते मिरवावे लागले.

येथे कोणी आक्षेप घेईल, की हे सारे ढोंग. खरी कुस्ती वेगळी. तो आक्षेप आम्ही उडवून लावणार नाही. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कांस्यपदक जिंकले, ते ठरवून मिळालेले नव्हते. त्या प्रवासाच्या खर्चासाठी त्यांना वणवण करावी लागली होती. १९५९ साली पहिले हिंदकेसरी झालेले श्रीपती खंचनाळे बेळगाव जिल्ह्यातील एकसंब्याचे, म्हणजे आम्हां कर्नाटकवासी मराठी माणसांचे दुहेरी आप्त. त्यांच्या घामाशी चौथऱ्यावरील आरडाओरड्याची तुलना होऊ शकत नाही. परंतु कीचकाचे काम करणाऱ्याला आपण ढोंगी म्हणत नाही. फरक एवढाच, की नाटकाच्या दारावर ‘नाटक’ अशी पाटी असते, चौथऱ्यावर नव्हती. अमेरिकेतील एका मोठ्या कुस्ती-कंपनीने सरकारी नियमांतून सुटण्यासाठी न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे ‘ही केवळ करमणूक आहे’ असे कबूल केले, ते १९८९ साली. तोवर ते गुपित ज्यांनी सांभाळले त्यांत खलपुरुषांचा त्याग मोठा. नायकाला गुपित पाळून कीर्ती मिळाली, यांना शिव्या.

१९६२ साली बाबूभाई मिस्त्रींनी ‘किंगकाँग’ नावाचा हिंदी चित्रपट काढला. त्याचा नायक होता दारासिंग! नावसुद्धा अखेर विजेत्याच्या कामी आले. दारासिंगाने १९६८ साली मुंबईत लू थेझचा पराभव केला. पुढे दूरचित्रवाणीवरील हनुमान म्हणून तो घरोघर पूजनीय झाला, राज्यसभेत बसला आणि २०१२ साली मानाने गेला. तो मान त्याचाच होता, यात शंका नाही. एमिल चाया मात्र १९७० सालीच, एका मोटार-अपघातानंतर, सिंगापुरात मरण पावला. जन्मगावाहून हजारो कोस दूर.

आम्ही परमुलखात संसार मांडलेली माणसे. भाषेवरून, चेहऱ्यावरून, आडनावावरून ‘हा आपला, तो परका’ अशी वाटणी किती चटकन होते, हे आम्हांस ठाऊक आहे. आणि संधी मिळताच ती वाटणी आम्हीही करतो, हेही नाकारता येत नाही. प्रत्येक समाजाला आपल्या विजयासाठी एक परका लागतो. बहुतेक वेळा तो परका नकळत आणि नाइलाजाने ते काम करतो. चायाने ते व्यवसाय म्हणून पत्करले, उत्तम केले, आणि टाळ्यांची अपेक्षा ठेवली नाही. रंगशंकरात पुढच्या खेपेस खलपुरुष वंदनाला पुढे येईल, तेव्हा आमच्या टाळ्यांतील दोन त्याच्या नावच्या असतील.