टकळीपासून वेल्डिंगपर्यंत



मागच्या वर्षी ऐन मिरचीच्या हंगामात आमच्या एका गटाचं कांडप यंत्र बंद पडलं. हंगाम म्हणजे वर्षाची निम्मी कमाई. नागपूरहून मिस्त्री यायला आठ दिवस लागले. त्यानं झाकण उघडलं, थरथरीनं सैल झालेली एक वायर घट्ट केली, पैसे घेतले आणि गेला. पाच मिनिटांचं काम. आम्ही दहा जणी बाजूला उभ्या राहून बघत होतो. त्यात मीही होते, बी.ए. झालेली.

त्याच गटातल्या एका ताईंची मुलगी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करते. तिच्या कॉलेजात मुलामुलींचा एक गट आहे. तास संपल्यावर ही पोरं थांबतात, बिघडलेली यंत्रं खोलतात, नवी जोडून बघतात. हिला त्यात जायचं होतं. आई म्हणाली, "त्यानं मार्क वाढत नाहीत, शेवटची एसटी मात्र चुकते." गटाच्या बैठकीत यावर बरीच बोलाचाली झाली. एसटीचं तिचं म्हणणं खरंच होतं. पण मार्कांबद्दल ती जे बोलली, त्यावर मी त्या दिवशी एक जुनी गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगते.

गोष्ट आपल्या शेजारच्या वर्ध्यातून सुरू होते. १९३७ साली, ऑक्टोबरच्या २२ आणि २३ तारखेला, वर्ध्यात एक शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष होते गांधीजी. शाळेतलं शिक्षण मातृभाषेतून व्हावं आणि एखाद्या हातकामाभोवती गुंफलेलं असावं, असं त्यांचं म्हणणं. योजना आखायला समिती नेमली, तिचे प्रमुख डॉ. झाकीर हुसेन. पुढे ते आपले राष्ट्रपती झाले. या शिक्षणाला नई तालीम म्हणतात. सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम् या जोडप्यानं ते वर्षानुवर्षं चालवलं.

त्या शाळेतलं पोर टकळीवर सूत काढायचं. किती तार निघाले, वजन किती भरलं, कापूस किती वाया गेला, हे मोजता मोजता गणित यायचं. कापूस कोणत्या जमिनीत होतो, यातून भूगोल. आपल्या कापसाच्या मुलखात याहून सोपं उदाहरण कोणतं द्यायचं!

पण हे शिक्षण देशभर रुजलं नाही. हातकाम म्हणजे गरिबाच्या पोराचं शिक्षण, आपल्या पोरानं खुर्चीवर बसायचं, असं आईबापांना वाटलं. त्यांना तरी दोष कसा देऊ? जन्मभर वावरात राबलेल्या बाईला आपली लेक पुन्हा हात मळवताना बघवत नाही. मलाही माझ्या आईनं म्हणूनच बी.ए. केलं.

हातानं काम करता करता शिकायचं, हा विचार पुढे ज्यांनी पुन्हा उचलला, त्यांच्यात एक होते डॉ. श्रीनाथ कलबाग. अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात पीएच.डी. केलेले शास्त्रज्ञ. मुंबईत मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागात वरच्या जागेवर होते. नोकरी सोडून १९८३ साली त्यांनी पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळ या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांच्या पत्नी मीराताईही पाबळलाच येऊन राहिल्या.

नावात आश्रम असला तरी तिथं भजन-कीर्तन नाही. वेल्डिंग, सुतारकाम, विजेचं काम, शेती, पशुपालन हे सगळं तिथं चालतं. शाळेत नापास झालेली, शाळा सुटलेली पोरं तिथं येऊन राहायची. परीक्षेत मागे पडलेलं पोर डोक्यानं कमी असतंच असं नाही, त्याच्या हाताला काम दिलं की डोकंही चालायला लागतं, अशी डॉक्टरांची धारणा. आश्रमाच्या इमारती उभारण्यातही विद्यार्थ्यांचे हात लागले. जुन्या जीपचे भाग वापरून छोटा ट्रॅक्टर तयार झाला, त्याचं नाव मेकबुल. लोखंडी सांगाड्यावर घुमटासारखी घरं उभी राहिली, त्यांना पाबळ डोम म्हणतात.

आपल्या कामाची गोष्ट मात्र याच्या पुढे आहे. आश्रमानं आजूबाजूच्या हायस्कुलांत आठवी ते दहावीसाठी मूलभूत तंत्रज्ञान हा विषय सुरू केला. आठवड्यातला एक दिवस हातकामाचा. विभाग चार: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. पाळीपाळीनं सगळ्यांनी सगळं करायचं. मुलीला वेल्डिंग आणि मुलाला चिक्की, त्यातून सुटका नाही! गृह-आरोग्यात रक्तगट ओळखायला आणि हिमोग्लोबिन तपासायला शिकवतात. आपल्या किती जणींना आपलं हिमोग्लोबिन माहीत आहे, सांगा बरं.

शिकवायला गावातलेच कसबी लोक. आणि सराव नुसता वहीत नाही, गावासाठी काम करून. कुणाचं फाटक जोडून द्यायचं, कुणाच्या घरची वायरिंग करायची. आता विचार करा, नववीतली पोरगी डोळ्यांसमोर ढाल धरून शाळेचा बाक जोडते. जोड कच्चा राहिला तर बाक मोडणार आणि सगळ्या वर्गाला दिसणार. मग ती शेजारणीला विचारते, वरच्या वर्गातल्या मुलाला विचारते, पुन्हा जोडते. बाक टिकला की तिला कुणी 'हुशार आहेस' म्हणायची गरज राहत नाही. मार्क एकटीचे असतात, हे काम चारचौघांत होतं. चारचौघांत चुकायची सवय बाईला फार उशिरा लागते. मला तर गटाच्या कामात आल्यावर, तिशीत लागली. कॉलेजात आम्हाला संगणक होता, पण माऊस कायम मुलांच्या हातात. आम्ही मागे उभ्या राहून वहीत उतरवून घ्यायचो.

२००२ साली पाबळला आणखी एक गोष्ट घडली. अमेरिकेतल्या एमआयटी या नामांकित तंत्रज्ञान संस्थेनं फॅब लॅब नावाची प्रयोगशाळा काढली होती. संगणकावर आकृती काढायची आणि यंत्राकडून वस्तू कापून, कोरून घ्यायची, असं तिथलं काम. तिथले प्राध्यापक नील गर्शनफेल्ड यांच्या सहकार्यानं एमआयटीबाहेरची सगळ्यात पहिली फॅब लॅब सुरू झाली ती पाबळला! लंडनला नाही, मुंबईलाही नाही. आज अशा प्रयोगशाळा जगभर आहेत. डॉ. कलबाग २००३ साली गेले. आश्रम अजून चालू आहे, मुलं-मुली तिथं शिकताहेत.

एवढं सांगून झाल्यावर बैठकीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एका आजींनी विचारलं, "ते सगळं ठीक, पण एसटीचं काय?" बरोबर विचारलं. त्यावर पाऊण तास गेला. शेवटी ठरलं की गटाच्या दिवशी, म्हणजे आठवड्यातून दोनदा, पोरीनं नागपूरला मावशीकडे मुक्काम करायचा आणि आईनं कॉलेजात जाऊन तिथल्या बाईंना एकदा भेटून यायचं. आई भेटून आली. परत आल्यावर एवढंच म्हणाली, "पोरी पण आहेत तिथं, चार-पाच."

या वर्षी शिमग्याच्या आधी कांडप यंत्र पुन्हा अडलं. मिस्त्रीला फोन लावणार तेवढ्यात पोरगी आली. तिनं आधी मेन स्विच बंद केला, आम्हा सगळ्यांना दोन पावलं मागं सरकवलं आणि झाकणाचे स्क्रू काढले. मग खिशातला टेस्टर आईच्या हातात दिला आणि म्हणाली, "मेन बंद केलाय, तरी खात्री करायची. हा इथं धर. दिवा लागतो का बघ."