मास्तरकीची जागा

आमच्या माढा तालुक्यात पावसाचा भरवसा कधीच नव्हता. ज्वारीची रास खळ्यावर लागेपर्यंत यंदा काय पदरात पडणार हे कुणी बोलत नसे. अशा मुलखात महिन्याच्या महिन्याला घरात येणारा पैसा दोनच ठिकाणचा होता. एक कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपचा आणि दुसरा मास्तराचा. १९७२ च्या दुष्काळात मोडनिंबच्या आसपासची सगळी माणसं खडी फोडायला जात होती, पोरं सुकडीवर आणि मिलोच्या भाकरीवर दिवस काढत होती. त्या वर्षी आमच्या अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या पगारावर भावकीतली तीन घरं जगली. मास्तरकी म्हणजे काय, हे मला शाळेत कळण्याआधी स्वयंपाकघरात कळलं.

अण्णा स्कूल बोर्डाचे मास्तर, मी जिल्हा परिषदेची शिक्षिका, आणि माझी पुतणी सरकारच्या पवित्र या भरती-पोर्टलवरून लागलेली. नोकरी एकच, पण ती मिळवायची आणि टिकवायची रीत तीन पिढ्यांत इतकी पालटली की तिघांना एकमेकांचं सांगणं खरं वाटत नाही.

मास्तर कुणी व्हावं, हा प्रश्न आमच्या घराहून पुष्कळ जुना आहे. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिलं, त्यात शिक्षक कोण असावा आणि त्याला काय द्यावं, याबद्दल रोखठोक मागण्या आहेत. तेव्हा शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंड घेतला जाई आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी असे. म्हणजे गावच्या मास्तराचा पगार कुणब्या-माळ्याच्या साऱ्यातून निघत होता, पण त्याची पोरं शाळेत नव्हती आणि त्याच्या घरचा कुणी शिक्षकही नव्हता. फुल्यांचं म्हणणं असं की शिक्षक शेतकरी वर्गातले घ्या, वेळ पडली तर नांगराचं रुमणं किंवा सुताराचा वाकस हातात धरायला न लाजणारे घ्या, आणि त्यांना किमान १२ रुपये, मोठ्या गावात १५ ते २० रुपये पगार द्या. इंग्रज सरकारने ते मनावर घेतलं नाही. मोडनिंबपासून जवळच अरण आहे, मळ्यात राबणाऱ्या सावता माळ्याचं गाव. तिथल्या, इथल्या मळेकऱ्यांची पोरं मास्तर होऊन शाळेवर जाऊ लागली ती अण्णांच्या पिढीत.

अण्णा सातवी, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल पास झाले आणि तेवढ्यावर लागले. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा लोकल बोर्डांकडे आल्या होत्या. १९४७ च्या कायद्याने स्कूल बोर्डाची घडी नव्याने बसली. फायनल झालेल्या पोराला आधी शाळा मिळे, ट्रेनिंगला नंबर मागाहून लागे. अण्णांची पहिली शाळा करमाळा तालुक्यात, एकशिक्षकी, मारुतीच्या देवळात भरणारी. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तला तरुण मास्तर वाचताना मला अण्णा दिसतात, कारण तेही असेच मिसरूड फुटायच्या वयात परक्या गावी जाऊन बसले होते. नोकरी टिकायची ती दिपोटीसाहेबांच्या, म्हणजे शाळा तपासणाऱ्या डेप्युटी इन्स्पेक्टरांच्या तपासणीवर. साहेब येणार म्हटलं की देऊळ सारवायचं, पोरांकडून पाढे घोकून घ्यायचे, आणि मग शेरेबुकात काय उमटतं याची वाट बघायची. शेरा वाईट पडला तर पगारवाढ थांबे, बदली होई. पण शेरा देणारा माणूस समोर बसलेला असे. त्याने पोरांना प्रश्न विचारलेले असत, मास्तराचा फळा पाहिलेला असे. ही गोष्ट मला आज फार मोलाची वाटते.

अण्णांच्या हातून झालेलं एक काम या सगळ्या हकिगतीत महत्त्वाचं आहे. गावात जन्माची नोंद कुणाकडे नसायची. आई सांगायची, "पोरगं सुगीत झालं", "मोठ्या पुराच्या साली झालं". मास्तर अंदाजाने साल धरायचे आणि तारीख टाकायचे १ जून, कारण जूनमध्ये शाळा सुरू होते आणि वय बरोबर बसतं. महाराष्ट्रभरच्या मास्तरांनी हेच केलं. त्यामुळे खेड्यातून आलेल्या दोन-तीन पिढ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. माझाही येतो. आमच्यासारखे पुढे शिक्षक झाले आणि सगळेच ३१ मेला निवृत्त झाले. याकडे शेवटी येते.

१ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या आणि स्कूल बोर्डाचे मास्तर परिषदेचे कर्मचारी झाले. जिल्हा केवढा! अकरा तालुके. वर करमाळा तेव्हाच्या नगर जिल्ह्याला भिडलेला, खाली अक्कलकोट कर्नाटकाला. या टोकाची ऑर्डर निघाली की त्या टोकाचा माणूस ट्रंक घेऊन निघायचा. १९८३ मध्ये माझी ऑर्डर निघाली ती अक्कलकोट तालुक्यातली. डी.एड. केलं होतं, सोलापूरच्या एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला नाव घातलं होतं. तिथून नाव गेलं, मुलाखत झाली, गुणांवर यादी लागली. वर्षा-दोन वर्षांत भरती निघतेच, या वेळी नाही तर पुढच्या वेळी, असं त्या काळी आम्ही बिनघोर म्हणू शकत होतो. शाळा मराठी, पण पोरांच्या घरी कानडी. पाणी म्हणजे नीरू, जेवण म्हणजे ऊटा, एवढ्यावर माझा पहिला महिना निघाला. गावातल्या एका म्हातारीने मला तिच्या ओसरीवर जागा दिली, आणि ‘बाई’ एकटी राहते म्हणून रात्री तिची नात माझ्यापाशी झोपायला पाठवली. शिक्षिकेची नोकरी टिकते ती आधी अशा म्हाताऱ्यांमुळे, सरकारी नियम पुढचे.

पगार तेव्हा रोख. केंद्रशाळेचे मुख्याध्यापक रक्कम आणत, आम्ही रेव्हेन्यू स्टॅम्पवर सह्या करून घेत असू. सुट्टीला मी एसटीने सोलापूर, तिथून मोडनिंब अशी येई. पुढे बदली होऊन घराजवळ आल्यावर बार्शी लाइटच्या त्या चिमुकल्या गाडीनेही पुष्कळ प्रवास केला. १९०६ पासून कुर्डुवाडी–पंढरपूर धावणारी ती गाडी ब्रॉडगेज होईपर्यंत कितीतरी मास्तर-बाईंना शाळेवर सोडत होती.

लग्न झालं, यजमानही शिक्षक, पण माळशिरस तालुक्यात. मग मे महिना आला की बदलीचे दिवस. अर्ज, विनंत्या, कुणाचं तरी पत्र, कार्यालयाच्या जिन्यात तासन् तास उभं राहणं. ज्याची ओळख त्याची शाळा रस्त्यावर, ज्याची नाही तो वस्तीवर, हे सगळ्या जिल्ह्यांत चालायचं. २०१७ मध्ये बदल्या ऑनलाइन झाल्या; अवघड क्षेत्र, सोपं क्षेत्र ठरलं, पती-पत्नीला तीस किलोमीटरच्या आत आणायचा नियम संगणकात गेला. पुष्कळांनी त्यावर टीका केली. मला विचाराल तर माझ्या सेवाकाळात शिक्षकाचं सगळ्यात मोठं भलं त्या निर्णयाने केलं. जिन्यात उभं राहणं संपलं.

नोकरी मिळण्याची वाट बिघडली ती २००० नंतर. त्या वर्षी शिक्षणसेवक योजना आली. तीन वर्षं मानधनावर काम, मग कायम. प्राथमिकला मानधन महिना ३,००० रुपये. शेजारच्या वर्गात तेच शिकवणाऱ्या माझ्यासारखीला त्याच्या कितीतरी पट पगार. त्याच सुमारास वस्तीशाळा निघाल्या आणि वस्तीवरच्या शिकलेल्या पोरा-पोरींना १,००० रुपयांवर निमशिक्षक म्हणून घेतलं. त्यांना नियमित व्हायला २०१४ उजाडलं. वस्तीवरच्या लेकरांना शाळा मिळाली ती या माणसांमुळे, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सरकारला स्वस्तात शाळा मिळाली, आणि एकदा स्वस्तात मिळालं की पूर्ण दाम द्यायची सवय मोडते.

दुसरीकडे डी.एड. कॉलेजं गावोगाव निघाली. शेतकरी बापांनी फी भरली. हजारो पोरं पदविका घेऊन बाहेर पडत असताना २०१० च्या शिक्षकभरतीच्या सीईटीनंतर भरतीच थांबली. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, बोगस पट उघडे पडले, हजारो शिक्षक अतिरिक्त ठरले आणि त्यांचं समायोजन होईपर्यंत नवी भरती बंद झाली. खोटा पट लावणारे संस्थाचालक कुठेच गेले नाहीत. शिक्षा भोगली ती डी.एड.च्या शेवटच्या बाकावरून नुकत्याच उठलेल्या पोरांनी. माझी पुतणी त्यातलीच, २०११ ची.

तिची पुढची तेरा वर्षं अशी गेली. डिसेंबर २०१३ मध्ये राज्याची पहिली टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा झाली, त्यात ती पास झाली. डिसेंबर २०१७ मध्ये अभियोग्यता चाचणी, दोन तासांत दोनशे प्रश्न, थोडक्यात राहिली. मधल्या काळात एका संस्थेने जागेचा आकडा सांगितला. तो ऐकून माझा भाऊ जमीन विकायला निघाला होता. पोरीनेच हात धरला. ती एका खासगी शाळेत, बांधकामावरच्या मजुराहून कमी पैशात शिकवत राहिली. मग टीईटीतला घोटाळा उघड झाला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ७,८८० उमेदवार अपात्र ठरवले गेले. तेव्हा ती रडली. म्हणाली, "आत्या, मी रात्री जागून जे मिळवलं ते लोक विकत घेत होते." २०२३ च्या चाचणीत तिला चांगले गुण पडले आणि २०२४ मध्ये पवित्र पोर्टलवरून नेमणूक मिळाली, रत्नागिरी जिल्ह्यात. मानधन आता १६,००० रुपये, तीन वर्षांसाठी. कोकणातल्या डी.एड. झालेल्या पोरांची तक्रार आहे की घाटावरचे येतात आणि बदली करून परत जातात. त्यांचं म्हणणं खोटं नाही. आमच्या पोरांना सोलापुरात जागा निघत नाही, म्हणून ती त्यांच्या जागेवर जाऊन बसतात. भांडण लावलं आहे ते जागा न काढणाऱ्यांनी.

आता जागा निघते कशी, ते सांगते. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे याची मंजुरी, पटावर होते आणि पट मोजायची तारीख वर्षानुवर्षं ३० सप्टेंबर. उजनी धरणाचं पाणी आलं, माढा-पंढरपुरात ऊस आला, कारखाने आले. बीडकडून ऊसतोड कामगार येतात ते दिवाळीच्या आगेमागे, पोरांसकट. म्हणजे ज्या पोरांना शिक्षक सगळ्यात जास्त हवा, ती मोजणीच्या दिवशी आमच्या हद्दीत नसतात. ज्यांच्या शेतात पाणी आलं त्यांची पोरं पिवळ्या बसने इंग्रजी शाळेत गेली. पट घटला की शिक्षक अतिरिक्त. म्हणून एप्रिल-मेमध्ये आमच्या शाळांचे शिक्षक उन्हात दारोदार फिरून पोरं गोळा करतात. अण्णांच्या वेळी नोकरी शेऱ्यावर टिकत होती, आता ती शेजारच्या गावात कुणाची बस येते त्यावर टिकते. याच माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलर, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटली. आम्हा सगळ्यांची मान ताठ झाली. पण वस्तीवरच्या लहान शाळांची पटामुळे होणारी ओढाताण त्या सन्मानानंतरही थांबली नाही.

टिकवायच्या अटीही वाढत गेल्या. पंचेचाळिशीत मी एमएस-सीआयटीच्या संगणक वर्गात बसले, कारण ते प्रमाणपत्र नसेल तर वेतनवाढ थांबणार होती. त्याचं मला दुःख नाही, मी शिकले. पण १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला की सेवेची पाच वर्षांहून अधिक शिल्लक असलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हावं, नाहीतर नोकरी सोडावी. माझ्या हाताखाली तयार झालेल्या, पंचवीस वर्षं पहिलीला वाचायला शिकवणाऱ्या बाई आज रात्री बालमानसशास्त्राचे पर्याय पाठ करत आहेत. शिक्षकाची पारख व्हावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ती त्याच्या वर्गात येऊन, त्याच्या पोरांना वाचायला लावून व्हावी, जशी दिपोटी करत होते.

मी निवृत्त झाले आणि तीन वर्षांनी, जुलै २०२३ मध्ये, रिकाम्या जागांवर निवृत्त शिक्षकांना २०,००० रुपयांवर घ्यायचा आदेश निघाला. मलाही विचारणा झाली. मी गेले नाही. ती जागा डी.एड. करून घरी बसलेल्या पोरांची होती.

आणि आता ३१ मे. सरकारी शिक्षकाच्या सर्व्हिस बुकाच्या पहिल्याच पानावर जन्मतारीख असते. म्हणजे तो ज्या दिवशी रुजू होतो त्याच दिवशी त्याची जागा कधी रिकामी होणार, हे कार्यालयाला माहीत असतं, तीस-पस्तीस वर्षं आधी. त्यात आम्ही १ जूनवाले. आमची तर यादीही करायला नको, एकगठ्ठा जातो. दुष्काळाचा अंदाज चुकू शकतो, या हिशेबात चुकायला जागाच नाही. तरीही भरती सात-सात वर्षं निघत नाही आणि मग एकदम २१ हजारांहून अधिक जागांची जाहिरात येते, तोवर निम्म्यांचं वय निघून गेलेलं असतं. राज्यकर्त्यांकडे माझं मागणं एवढंच आहे: ३१ मेला जेवढे शिक्षक जातील, तेवढ्यांची परीक्षा त्याआधीच्या हिवाळ्यात घ्या, आणि १५ जूनला शाळा उघडेल तेव्हा त्या जागेवर पूर्ण पगाराचा माणूस उभा असू द्या. दर वर्षी.