गर्भाशय-अंतःस्तरशोथ, चिरकारी

गर्भाशयाच्या आतील अस्तराचा दीर्घकाळ रेंगाळणारा शोथ (दाहयुक्त सूज). वेदना व अतिस्राव पुष्कळदा नसतात. मूल होत नाही हीच पहिली तक्रार असते. त्यामुळे या विकाराचा इतिहास वंध्यत्वाच्या इतिहासात दडून राहिला.

साताऱ्याचे शहाजी ऊर्फ अप्पासाहेब महाराज ५ एप्रिल १८४८ रोजी औरस पुत्रावाचून मृत्यू पावले. अंतसमयीचे त्यांचे दत्तकविधान डलहौसीने नाकारले व राज्य खालसा झाले. अशा निःसंतानतेचे शारीरिक कारण शोधण्याचे साधन त्या काळी नव्हते. राजवाड्यात दत्तकाचा तरी मार्ग होता. सामान्य घरांत दोष स्त्रीच्या माथी येई आणि नवस-सायास फळले नाहीत की सवत येई. पतीची तपासणी कोणास सुचत नसे.

रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दाखविला. मिरजेस विल्यम वॉन्लेस यांचे मिशन रुग्णालय १८९४ मध्ये उभे राहिले. पुढे सांगली-मिरज दरम्यान वानलेसवाडीस क्षयरोग्यांसाठी आरोग्यधामही निघाले. (हा मुलूख १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्ह्यात आला, १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले.) क्षय म्हणजे फुप्फुसाचा रोग, ही समजूत मात्र दीर्घकाळ टिकली. वास्तविक फुप्फुसातील जंतू रक्तावाटे प्रथम अंडवाहिन्यांत व तेथून गर्भाशयाच्या अस्तरात उतरतात. मासिक पाळीत अस्तर गळून पडते, परंतु नव्या अस्तरास वाहिन्यांतून पुन्हा संसर्ग होतो. म्हणूनच तपासणीसाठी ऊतक पाळीच्या अगोदर घेतात. खोकला नसलेल्या, दिसावयास निरोगी स्त्रीतही हा रोग असू शकतो. भारतातील स्त्री-वंध्यत्वाचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

क्षयेतर प्रकारात प्रसूती वा गर्भपातानंतरचा संसर्ग व इतर जंतू कारणीभूत असतात. अस्तरातील प्लाझ्मा कोशिका ही त्याची सूक्ष्मदर्शकीय खूण. सुजलेल्या अस्तरात गर्भ नीट रुजत नाही किंवा रुजूनही पडतो. योग्य प्रतिजैविकांनी हा प्रकार बहुधा बरा होतो.

क्षयजन्य प्रकाराची गोष्ट निराळी. स्ट्रेप्टोमायसिनच्या शोधानंतर (१९४४) औषधोपचार शक्य झाला. आता रिफँपिसिनसह अनेक औषधे एकत्र, निदान सहा महिने देतात. जंतू मरतात, पण वणामुळे बुजलेल्या वाहिन्या सहसा मोकळ्या होत नाहीत. अस्तर शाबूत असल्यास शरीराबाहेर फलन करून गर्भधारणा साधता येते. अस्तराच्या भिंती एकमेकींस चिकटल्या असल्यास तोही उपाय बहुधा निष्फळ ठरतो.