खिशातली फाइल: यवतमाळ जिल्ह्यातील एका देवघेवीचा इतिहास

एका यंत्रातली फाइल दुसऱ्या यंत्रात नेण्याचे काम यवतमाळ जिल्ह्यात बराच काळ माणसाच्या खिशातून होत असे. 2001 मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम तालुक्याच्या गावी पोहोचला, तेव्हा साडेतीन इंची फ्लॉपी वापरात होती. तिच्यात 1.44 एमबी मजकूर मावे. आजच्या मोबाइलवरचा एक फोटोही बहुधा मावणार नाही. पुढे 700 एमबीची सीडी आणि मग पेन ड्राइव्ह आला.

मराठी मजकुराची अडचण वेगळी होती. श्रीलिपी किंवा कृतिदेव फॉन्टात वणीत टंकलेली लग्नपत्रिका शंभरेक किलोमीटरवरच्या यवतमाळात उघडायची, तर फाइलीबरोबर फॉन्टही न्यावा लागे. तो नसेल तर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हे उमटत. युनिकोड रूढ झाल्यावर ही अडचण बरीच कमी झाली.

मोबाइल आल्यावर ही देवघेव रिचार्जच्या दुकानात गेली. दुकानदार कार्ड रीडर लावून मेमरी कार्डात गाणी ‘भरून’ देई. ही गाणी बहुतेक विनापरवाना असत. पण महाग डेटा आणि मंद नेटवर्कच्या दिवसांत तोच सोपा मार्ग होता. मित्रांमध्ये ब्लूटूथ चाले: साधारण दहा मीटरच्या टापूत, फुकट, पण संथ. शेअरइट व झेंडर या ॲप्सनी दोन फोनमध्ये थेट वाय-फाय जोडून तो वेग कितीतरी वाढवला. त्यालाही इंटरनेट लागत नसे. जून 2020 मध्ये केंद्र सरकारने 59 ॲप्सवर बंदी घातली; त्यांत ही दोन्ही होती. त्याच वर्षी गूगलचे निअरबाय शेअर आले. 2024 पासून ते क्विक शेअर या नावाने ओळखले जाते आणि विंडोज संगणकावरही चालते.

दरम्यान, सप्टेंबर 2016 मध्ये जिओ सुरू होऊन डेटा स्वस्त झाला आणि व्हॉट्सॲप हीच फाइल पाठवण्याची सर्वसाधारण रीत बनली. 2015 मध्ये आलेल्या व्हॉट्सॲप वेबमुळे फोनवरचा सातबारा संगणकावर उतरवून छापणे सोपे झाले. मात्र फोटो म्हणून पाठवलेले चित्र आक्रसते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवल्यास मूळ दर्जा टिकतो.

यूएसबी केबल मात्र अजून मागे पडलेली नाही. फोन जोडल्यावर केवळ चार्जिंगऐवजी ‘फाइल ट्रान्सफर’ निवडले की लग्नाचे मोठे व्हिडिओही नेटवर्क नसलेल्या गावात संगणकावर उतरतात.