सराय-ए-अदल ते शुगर बोर्ड : दिल्लीच्या साखरेची सातशे वर्षे

मे २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने, म्हणजे सीबीएसईने, आपल्याशी संलग्न शाळांना एक वेगळेच पत्र पाठवले. शाळेत ‘शुगर बोर्ड’ लावा, अशी सूचना त्यात होती. दिवसाला किती साखर पुरेशी असते, नेहमीच्या खाऊत आणि शीतपेयांत ती किती असते, जास्त साखरेने काय होते आणि तिच्याऐवजी काय खाता येईल, ही माहिती मुलांना येता-जाता दिसावी हा त्यामागचा हेतू. पत्रातील आकडेवारीनुसार ४ ते १० वर्षांच्या मुलांच्या रोजच्या उष्मांकांपैकी १३ टक्के आणि ११ ते १८ वर्षांच्या मुलांच्या उष्मांकांपैकी १५ टक्के साखरेतून येतात; शिफारस मात्र ५ टक्क्यांची आहे.

दिल्लीतून साखरेविषयी हुकूम निघण्याची ही पहिली वेळ नव्हे. मात्र आजवरचे बहुतेक हुकूम साखर कमी पडू नये यासाठी होते. हा ती जास्त होऊ नये यासाठी आहे. राज्यसंस्थेच्या दृष्टीत झालेला हा बदल कित्येक शतकांच्या वाटचालीनंतर आला, आणि त्याचा निर्णायक टप्पा एकाच पिढीच्या आयुष्यात पार पडला. ती पिढी कोणती, हे दिल्लीतल्याच एका वैद्यकीय अभ्यासामुळे आपल्याला नेमके ठाऊक आहे.

इतिहासकार झियाउद्दीन बरनी याने अलाउद्दीन खिलजीच्या (१२९६–१३१६) बाजारनियंत्रणाचे तपशीलवार वर्णन केले आहे. दिल्लीच्या बदायूँ दरवाजाजवळ सुलतानाने ‘सराय-ए-अदल’ नावाची बाजारपेठ उभारली. कापड, साखर, औषधी वनस्पती, सुकामेवा, तूप आणि दिव्याचे तेल यांची विक्री तेथेच आणि ठरवून दिलेल्या भावानेच व्हावी, असा नियम होता. माल अखंड येत राहावा म्हणून मुलतानी व्यापाऱ्यांना खजिन्यातून उचल दिली जाई. मोठी फौज थोड्या पगारात पोसता यावी, हा या स्वस्ताईमागचा हिशेब होता. साखर कापडाच्या आणि सुक्यामेव्याच्या पंक्तीला बसलेली होती, यावरूनच तिचा दर्जा कळतो. सामान्य माणसाचा गोडवा गुळाचा होता, आणि तोही हंगामी. हिवाळ्यात दोआबातील कोल्हू सुरू झाले, की राब, गूळ आणि खांड तयार होई; मीरतची गजक आणि रेवडी आजही त्या ऋतुचक्राची खूण सांगतात.

हे चक्र एकोणिसाव्या शतकात बदलू लागले. १८३० मध्ये पूर्व यमुना कालवा पुन्हा वाहता झाला आणि १८५४ मध्ये गंगा कालवा खुला झाला. दिल्लीच्या ईशान्येकडील शेतांना बारमाही पाणी मिळाले. मात्र उत्तरेकडील देशी ऊस बारीक आणि कमी उताऱ्याचा होता. या अडचणीवरचा उपाय दक्षिणेत सापडला. १९१२ मध्ये कोइमतूर येथे ऊस पैदास केंद्र स्थापन झाले. तेथे सी. ए. बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी जाड, गोड उसाचा संकर ‘काँस’ या रानटी गवताशी घडवून आणला. त्यातून निघालेला ‘को २०५’ हा वाण १९१८ मध्ये पंजाबच्या शेतांसाठी प्रसारित झाला. रानटी गवताचा काटकपणा आणि उसाची गोडी एकत्र आली, आणि उत्तर भारतातील ऊसशेतीचे चित्र पालटले.

वाण आले, पाणी आले. उरला होता कारखाना. तोवर भारत जावा बेटावरून येणाऱ्या पांढऱ्या साखरेवर मोठ्या प्रमाणात अवलंबून होता. १९३२ च्या साखर उद्योग संरक्षण कायद्याने आयात साखरेवर जबर जकात बसवली. देशात तीस-बत्तीस आधुनिक कारखाने होते, ते पाच वर्षांत शंभरीपार गेले. दिल्लीच्या भांडवलाने ही संधी साधली. दिल्ली क्लॉथ मिल्सच्या लाला श्रीराम यांनी मीरतजवळ दौराला येथे साखर कारखाना काढला. गुजरमल मोदी यांनी १९३३ मध्ये बेगमाबाद येथे कारखाना सुरू केला आणि त्याच्याभोवती मोदीनगर हे शहर वसले. प्रवरेच्या काठी १९५० मध्ये उभ्या राहिलेल्या सहकारी कारखान्याची कथा मराठी वाचकाला परिचित आहे. तेथे शेतकरी भागधारक होता. दोआबात कारखानदारी मुख्यतः खासगी भांडवलाने वाढली. आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडणारे मीरत, बागपत, शामली आणि मुजफ्फरनगर हे जिल्हे देशाच्या ऊसपट्ट्याचा गाभा आहेत. याच क्षेत्रातील कर्नाल येथील केंद्रात विकसित झालेला ‘को ०२३८’ हा वाण २००९ मध्ये प्रसारित झाला आणि काही वर्षांतच त्याने उत्तर प्रदेशातील उसाचे बहुतांश क्षेत्र व्यापले.

स्वातंत्र्यानंतरही सरकारची दृष्टी टंचाईचीच राहिली. जीवनावश्यक वस्तूंच्या १९५५ च्या कायद्याच्या चौकटीत साखर आली. १९६७ नंतर कारखान्यांच्या उत्पादनाचा एक हिस्सा ‘लेव्ही’ म्हणून ठरलेल्या भावाने सरकारला द्यावा लागे आणि ती साखर शिधापत्रिकेवर घरोघरी पोहोचे. रेशनच्या रांगेत पिशवी घेऊन उभे राहणे हा शहरी जीवनाचा नित्याचा भाग होता. लेव्हीची ही पद्धत २०१३ मध्ये संपली. अंत्योदय कुटुंबांना आजही महिन्याला एक किलो साखर सवलतीत मिळते.

रेशनच्या याच काळात, १९६९ मध्ये, दक्षिण दिल्लीत एक अभ्यास सुरू झाला. सफदरजंग रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञ डॉ. संतोष भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाजपतनगर परिसरातील सुमारे बारा चौरस किलोमीटरचा भाग निवडला. फाळणीनंतर निर्वासितांच्या वसाहतीतून वाढलेली ही वस्ती. १९६९ ते १९७२ या काळात तेथे जन्मलेल्या आठ हजारांहून अधिक बालकांची वजने आणि उंची नोंदवली गेली, आणि पुढे दर सहा महिन्यांनी त्यांची मोजमापे होत राहिली. त्या वेळी चिंता कुपोषणाची होती: मूल कमी वजनाचे का जन्मते, त्याची वाढ कुठे खुंटते. मधुमेहाचा विचार करून कोणीही ही वही उघडली नव्हती.

ही मुले मोठी होत असताना भोवतालचे जग पालटत गेले. १९७७ मध्ये कोका-कोला देशातून गेली आणि १९९३ मध्ये परतली. १९९६ मध्ये दिल्लीच्या वसंत विहारमध्ये मॅकडोनाल्ड्सचे भारतातील पहिले दालन उघडले. बंद पाकिटातील खाऊ चौकाचौकांतील टपरीवर लटकू लागला. रेशनच्या रांगेत आईचे बोट धरून उभे राहिलेले मूल आता कमावते झाले होते आणि त्याला साखर शोधावी लागत नव्हती; साखरच त्याच्यापर्यंत येत होती.

तिशीच्या आसपास पोहोचलेल्या यांपैकी १,४९२ जणांची संशोधकांनी पुन्हा तपासणी केली. निष्कर्ष फेब्रुवारी २००४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. २६ ते ३२ या वयात ४.४ टक्के लोकांना मधुमेह होता आणि १०.८ टक्के लोकांमध्ये ग्लुकोज पचवण्याची क्षमता बिघडलेली होती. त्याहून महत्त्वाची होती त्यांच्या बालपणाची नोंद. यांपैकी बहुतेक मुले वयाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत कृश होती. त्यानंतर त्यांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजन, सोबत्यांपेक्षा लवकर आणि वेगाने वाढत गेला. तरीही आंतरराष्ट्रीय निकषांनुसार बाराव्या वर्षी यांपैकी एकही मूल लठ्ठ नव्हते. डोळ्यांना धोका दिसत नव्हता. तो वाढीच्या आलेखात लपलेला होता.

त्याच वर्षी पुण्यातून या कोड्याची दुसरी बाजू समोर आली. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःची आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांची तुलना मांडली. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३ होता. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. बाहेरून सडपातळ दिसणारे, आतून चरबी साठवणारे हे ‘कृश-स्थूल’ भारतीय शरीर. गर्भात आणि बालपणी टंचाईशी जुळवून घेतलेले शरीर अचानक आलेली मुबलकता कशी झेलते, हा प्रश्न दिल्ली आणि पुणे या दोन्ही शहरांच्या नोंदींतून पुढे आला. दिल्लीच्या अभ्यासाने कोण किती साखर खातो हे मोजले नव्हते, त्यामुळे दोष एकट्या साखरेच्या माथी मारता येत नाही. पण उष्मांकांची स्वस्त रेलचेल अशा शरीरांना अधिक महाग पडते, एवढे त्यातून स्पष्ट झाले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या राष्ट्रीय पाहणीने देशात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी मधुमेहपूर्व अवस्थेतील लोक असल्याचा अंदाज मांडला. मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले, २६.४ टक्के.

मग प्रश्न आला मोजमापाचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले, की मुक्त शर्करेतून मिळणारे उष्मांक १० टक्क्यांपेक्षा कमी असावेत आणि शक्यतो ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे प्रौढांसाठी सुमारे २५ ग्रॅम किंवा सहा चमचे. कोलाच्या १०० मिलिलिटरमध्ये साधारण साडेदहा ग्रॅम साखर असते. म्हणजे ३०० मिलिलिटरची एक बाटलीही ही मर्यादा ओलांडते. गुळाने हा हिशेब बदलत नाही. त्यात थोडी खनिजे असतात, पण तोही प्रामुख्याने सुक्रोजच आहे आणि मुक्त शर्करेतच मोजला जातो.

तथापि साखर कमी केली म्हणजे प्रश्न सुटला असेही नाही. ब्राझीलच्या साओ पावलो विद्यापीठातील कार्लोस मोंतेरो यांनी २००९ पासून अन्नाची विभागणी पोषकद्रव्यांऐवजी प्रक्रियेच्या प्रमाणावर करायला सुरुवात केली. दही, पनीर, लोणचे यांवरही प्रक्रिया होते, पण त्यांचे मूळ अन्न ओळखता येते. अतिप्रक्रियायुक्त पदार्थ मात्र स्टार्च, तेल, साखर, प्रथिनांचे अर्क आणि स्वाद-रंग यांची कारखान्यात जुळवलेली संयुगे असतात. २०१९ मध्ये अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी २० जणांना दोन-दोन आठवडे दोन्ही प्रकारचा आहार दिला. समोर वाढलेल्या जेवणातील उष्मांक, साखर, मेद, मीठ आणि तंतू सारखेच होते. हवे तितके खाण्याची मुभा होती. अतिप्रक्रियायुक्त आहारावर लोकांनी रोज सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खाल्ल्या आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी ०.९ किलोने वाढले.

दिल्लीत हा वाद प्रयोगशाळेतून न्यायालयात गेला. २०१० मध्ये उदय फाउंडेशन या संस्थेने शाळांजवळील जंक फूडच्या विक्रीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. दिल्लीतीलच सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०१२ मध्ये लोकप्रिय पदार्थांतील मेद, मीठ आणि साखर तपासून निष्कर्ष जाहीर केले. मार्च २०१५ मध्ये न्यायालयाने नियम करण्याचे निर्देश दिले. सप्टेंबर २०२० मध्ये नियम अधिसूचित झाले: जास्त मेद, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात आणि शाळेपासून ५० मीटरच्या आत विकता येणार नाहीत. याचिकेपासून नियमापर्यंत दहा वर्षे गेली. पहिलीत असलेले मूल तेवढ्या काळात अकरावीत गेले.

पाकिटाच्या दर्शनी बाजूवरील इशाऱ्याचा प्रवास याहून लांबला. चिलीने २०१६ मध्ये काळे अष्टकोनी शिक्के अनिवार्य केले. भारतात २०१८ मध्ये लाल खुणेचा मसुदा आला. २०२२ मध्ये त्याऐवजी ताऱ्यांच्या मानांकनाचा. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञ समितीला शिफारशींसाठी तीन महिन्यांची मुदत दिली. लाल खूण थांबायला सांगते, तर तारा शाबासकी देतो. एकाच पाकिटावर यांपैकी काय छापायचे, हाच या वादाचा गाभा आहे.

साखरेचा आणखी एक हिशेब पाकिटाच्या कुठल्याच बाजूवर छापला जात नाही. उसाला पूर्ण हंगामात दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागते. दोआबाच्या या पट्ट्यातील वार्षिक पाऊस त्याच्या निम्म्याच्या आसपास. उरलेले पाणी कालवे आणि कूपनलिका देतात. बागपत आणि शामलीतील अनेक विकासखंडांतील भूजल अतिशोषित ठरले आहे. साखर कारखाने आणि आसवन्यांचे सांडपाणी काली आणि कृष्णी या नद्यांतून हिंडनमध्ये उतरते आणि हिंडन नोएडाच्या परिसरात यमुनेला मिळते. राजधानी जी साखर खाते, तिचे पाणी असे तिच्याच दारात परत येते. म्हणून कमी साखरेचा आहार हा केवळ रक्तशर्करेचा विषय राहत नाही. त्याच वेळी या पट्ट्यातील लाखो कुटुंबांचे पोट उसाच्या बिलावर चालते, हेही विसरून चालणार नाही. पिकाला पर्याय न देता केवळ खाणाऱ्याला उपदेश केल्याने हा गुंता सुटणार नाही.

लाजपतनगरची ती मुले आता पन्नाशी ओलांडून गेली आहेत. त्यांच्या बालपणी सरकार साखर पुरवत होते. त्यांच्या पुढच्या पिढ्यांच्या शाळेत तेच सरकार साखरेचे चमचे मोजून दाखवत आहे. फलकाचे मोल खरे आहे, कारण आजवर साखर वजनाने विकली गेली, पण प्रमाणाने शिकवली गेली नव्हती. मात्र फलक शाळेच्या आत आहे आणि ५० मीटरची रेषा पहिल्या कोपऱ्यावर संपते. तिच्यापलीकडे मूल दुकानात उभे राहते, तेव्हा त्याच्या हातात पाकीट असते. त्या पाकिटाने समोरून काय सांगावे, याचा निकाल दिल्लीतच लागायचा आहे.